हिमालय उंच होणे वेगळे, खोलातले खडक वर येणे वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हिमालयाच्या जन्मावर आलेल्या लेखात असे म्हटले होते, की दोन भूखंडांच्या रेट्यात सापडलेले खोलातले खडक वर ढकलले गेले आणि डोक्यावरचा थर झिजून गेल्यावर ते उघडे पडले. सोबतच्या आकृतीत खालून वर जाणारा एकच जाड बाण होता. हेच स्पष्टीकरण शाळेच्या वर्गात आणि सहलीच्या माहितीपत्रकातही दिले जाते. काही डोंगरांना ते लागूही पडते. पण लेखाने उदाहरण घेतले लडाखचे, आणि नेमके तिथे ते गणितात बसत नाही.

आधी मोजायचे काय ते ठरवू. डोंगर घडताना तीन गोष्टी घडतात आणि तिन्हींना आपण ‘वर येणे’ म्हणून मोकळे होतो. जमिनीचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून उंच जातो, ही पहिली गोष्ट. जमिनीतला एखादा खडक समुद्रसपाटीच्या तुलनेत वर सरकतो, ही दुसरी. आणि त्या खडकाच्या डोक्यावरचे ओझे कमी होऊन तो पृष्ठभागाच्या जवळ येतो, ही तिसरी. फिलिप इंग्लंड आणि पीटर मोल्नार या भूवैज्ञानिकांनी १९९० मध्ये ही फोड स्पष्ट केली. हिशेब साधा आहे: खडक जितका वर सरकला त्यातून डोक्यावरचा जितका थर हटला तो वजा केला, की जमिनीची उंची किती वाढली ते कळते. खडक वर्षाला ५ मिलिमीटर वर सरकतो आणि वरून ५ मिलिमीटरच थर हटतो, अशी स्थिती असेल तर डोंगराची उंची तसूभरही वाढत नाही, तरी १० लाख वर्षांत ५ किलोमीटर खोलीवरचा खडक उन्हात येतो. उलट तिबेटचे पठार सरासरी ५ किलोमीटर उंच आहे, पण त्याच्या मोठ्या भागात झीज थोडी असल्याने खालचे खडक अजून खालीच आहेत. म्हणून शिखराच्या उंचीवरून खडक किती खोलातून आला हे काढता येत नाही.

आता लडाख. लेहहून सिंधूच्या काठाने महे पुलापर्यंत गेल्यावर रस्ता सुमडोकडे वळतो. तिथून एक फाटा पुगाच्या गरम झऱ्यांकडे आणि पोलोकोंगका खिंडीकडे जातो, दुसरा कोरझोकला, म्हणजे त्सो मोरिरी सरोवराकडे. मोटारसायकलवरून जाणाऱ्या मराठी मंडळींना हा रस्ता चांगलाच परिचयाचा. या भागातला मुख्य खडक फिकट, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस आहे. मुळात तो सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट. त्यात मधूनमधून गडद रंगाचे भिंगाच्या आकाराचे गोळे अडकलेले दिसतात, काही हातभर, काही खोलीएवढे. गोळ्याची कड काळी असते, कारण वर येताना आजूबाजूच्या नाइसमधून पाणी आत शिरले आणि कडेच्या खनिजांचे हॉर्नब्लेंड हे काळे खनिज झाले. पाणी पोहोचले नाही त्या गाभ्यात मात्र ऑम्फासाइट या हिरव्या खनिजात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल गार्नेट बसलेले असतात. हा एक्लोजाइट. (पाहायला गेलात तर हातोडी चालवू नका; त्सो मोरिरी रामसर यादीतले पाणथळ क्षेत्र आहे आणि चांगले गाभे मोजकेच उरले आहेत.)

हा एक्लोजाइट कोणे एके काळी बेसाल्ट होता. रासायनिक घडणीवरून त्याचे नाते काश्मीरच्या पंजाल लाव्हांशी जोडले जाते. म्हणजे जातीने तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचाच भाऊबंद. फरक वजनात आहे. एक लिटर आकारमानाचा घट्ट बेसाल्टचा तुकडा साधारण २.९ किलो भरतो, तेवढाच एक्लोजाइट ३.५ किलो. घटक जवळजवळ तेच, फक्त दाबाखाली अणूंची मांडणी दाट झालेली. हे आकडे लक्षात असू द्यावेत, पुढे लागतील.

किती खोल? त्याचे उत्तर गार्नेटच्या पोटात आहे. क्वार्ट्झवर, म्हणजे गारगोटीच्या खनिजावर, सुमारे २७ हजार वातावरणांइतका दाब आला, की त्याचे कोसाइट हे दाट खनिज होते. लोरिंग कोस यांनी हे खनिज १९५३ मध्ये आधी प्रयोगशाळेत बनवले; निसर्गात ते सापडले १९६० मध्ये, अमेरिकेतल्या अशनीच्या विवरात. भूखंडाच्या खडकात ते असेल असे कुणाला वाटत नव्हते, कारण भूखंड हलका, तो इतक्या खोल बुडेलच कसा? १९८४ मध्ये क्रिस्तियान शोपँ यांना आल्प्समधल्या डोरा मायरात आणि डेव्हिड स्मिथ यांना नॉर्वेत कोसाइट मिळाले आणि तो समज मोडला. पुढे कझाकस्तानातल्या कोकचेताव्हच्या रूपांतरित खडकांत तर सूक्ष्म हिरेच निघाले. त्सो मोरिरीच्या एक्लोजाइटमधले कोसाइट देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नोंदवले. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या काघान खोऱ्यातूनही त्याची नोंद झाली. २७ हजार वातावरणे म्हणजे डोक्यावर सुमारे ९० किलोमीटर खडक.

कोसाइट ओळखायची रीतही सांगतो, कारण चुका तिथेच होतात. खडकाची चकती कापून, काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. जाडी बरोबर आली की नाही हे ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झच्या रंगावरून कळते: करडा-पांढरा दिसला तर ठीक, पिवळा दिसला तर काप अजून जाड आहे. मग गार्नेटच्या आतले बारीक कण शोधायचे. कोसाइटचा अपवर्तनांक सुमारे १.५९, क्वार्ट्झचा १.५५ च्या आतबाहेर, त्यामुळे एकाच कणात मधला भाग किंचित उठून दिसतो आणि त्याभोवती क्वार्ट्झच्या काड्या कुंपणासारख्या उभ्या असतात. कणाभोवतीच्या गार्नेटला चहूबाजूंनी ताऱ्यासारख्या भेगा गेलेल्या असतात. दाब उतरल्यावर कोसाइटचे क्वार्ट्झ होताना आकारमान सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि गार्नेट आतून फुटतो, त्याच या भेगा. पण नुसत्या भेगा पाहून कोसाइट जाहीर करू नये. इतर खनिजेही फुगतात. रामन वर्णपटात, म्हणजे लेझर टाकून परत येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात, ५२१ ची रेषा दिसली तर कोसाइट, ४६४ ची एकटीच दिसली तर ते क्वार्ट्झ. गार्नेटच्या बाहेर, नाइसच्या अंगात, कोसाइट शोधण्यात अर्थ नाही. तिथे पाणी पोहोचले की त्याचे क्वार्ट्झ होऊन जाते. गार्नेटची भिंत ही प्रेशर कुकरच्या भांड्यासारखी आतला दाब धरून राहते, म्हणून तेवढे दाणे वाचले.

आता झिजेचा हिशेब लावू. हिमालयात झिजेचा वेग ठिकाणागणिक बदलतो, पण वर्षाला १ मिलिमीटर हा सढळ धरलेला आकडा आहे. त्या वेगाने ९० किलोमीटर जाड थर हटवायला ९ कोटी वर्षे लागतील. भारताची आशियाशी टक्कर होऊनच जेमतेम ५ ते साडेपाच कोटी वर्षे झाली. शिवाय त्या खडकांचा मोठा प्रवास टक्करीनंतर लगेचच उरकला, डोंगर पुरते उभे राहण्याआधी. आणि इतका खडक झिजला असता तर त्याचा गाळ कुठे तरी साठायला हवा. बंगालच्या उपसागरात गाळाचा प्रचंड पंखा आहे खरा, पण त्यातला मोठा भाग नंतरच्या काळातला आणि तो साऱ्या हिमालयाचा मिळून. काघानच्या खडकांची नोंद तर आणखी बोलकी आहे: सुमारे ४.६ कोटी वर्षांपूर्वी ते शंभरेक किलोमीटर खोल होते, आणि पुढच्या वीस-पंचवीस लाख वर्षांत ३५ किलोमीटरच्या आसपास येऊन पोहोचले. हा वेग वर्षाला सुमारे ३ सेंटिमीटर पडतो. पाऊस, हिमनद्या, दरडी मिळूनसुद्धा एवढ्या वेगाने डोंगर खरवडू शकत नाहीत.

मग खडक वर आले कसे? आधी ते खाली कसे गेले हे पाहावे लागते. भारताच्या उत्तर कडेला निओटेथिस या भारत आणि आशिया यांच्यामधल्या जुन्या समुद्राचा तळ जोडलेला होता. तो बेसाल्टचा, खोल गेल्यावर एक्लोजाइट होऊन त्याची घनता लिटरला ३.५ किलो झाली. भोवतालच्या प्रावरणाची, म्हणजे भूकवचाखालच्या थराची, घनता ३.३, म्हणजे तो आपल्याच वजनाने बुडत होता आणि पाठोपाठ भारताच्या कडेचा हलका ग्रॅनाइट ओढून नेत होता. वर्षाला ७ सेंटिमीटर वेग आणि ४५ अंशांचा उतार धरला तर ९० किलोमीटर खोली गाठायला १८ लाख वर्षे पुरतात. एवढ्या घाईत खडक तापत नाही. फ्रिजमधला बटाटा उकळत्या पाण्यात टाकून लगेच काढावा तसे. म्हणूनच या खडकांत तापमानाची नोंद ६०० ते ७५० अंशांच्या दरम्यानच मिळते. सावकाश गेले असते तर इतक्या खोलीवर ते वितळून गेले असते.

खाली ग्रॅनाइटही दाट होतो, पण फार तर ३.० पर्यंत. प्रावरणापेक्षा तो तरीही हलकाच. ओढणारे वजन सुटले, म्हणजे समुद्रतळाची पट्टी तुटली किंवा ग्रॅनाइटची चकती तिच्यापासून सोलून निघाली, की तो पाण्याखाली दाबून धरलेल्या बुचासारखा आल्या वाटेने उलटा वर येतो. बाहेरून कुणी ढकलावे लागत नाही. ओढ सुटली की झाले. एक्लोजाइटचे गोळे स्वतः प्रावरणापेक्षा जड आहेत. ते या हलक्या नाइसच्या पाठीवर बसून आले. नाइस ३.०, एक्लोजाइट ३.५, प्रावरण ३.३ हे आकडे धरले तर मिश्रणात एक्लोजाइट ६० टक्क्यांच्या वर गेला की सगळे मिळून बुडेल. त्सो मोरिरीत त्याचे प्रमाण अगदी थोडे. यातून अभ्यासकांनी सावध राहावे असा एक मुद्दा निघतो: आपल्याला परत आलेलेच खडक दिसतात. निव्वळ बेसाल्टचा जाड थर ९० किलोमीटर खाली गेला तर तो बहुधा परत येतच नाही. सह्याद्रीचा दगड तिथवर पोहोचला असता, तर त्याचा पत्ता आपल्याला कधीच लागला नसता.

बुचाची ही गोष्ट भूकवचाच्या तळाशी संपते. ३०-३५ किलोमीटरवर आल्यावर भोवतालचा खडकही २.८ च्या आसपासचा, मग वर उचलणारा जोर उरत नाही. पहिला टप्पा एक्सप्रेसचा, पुढचा पॅसेंजरचा. लेखातले स्पष्टीकरण लागू होते ते इथून पुढे, आणि तेही अपुरे.

कारण लेखाने मुख्य श्रेय थ्रस्टला, म्हणजे एका खडकावर दुसरा चढवणाऱ्या फॉल्टला (खडक सरकतात त्या भेगेला) दिले आहे. ही चूक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही हमखास असते. थ्रस्ट खडकाला वर नेतो, पण त्याच्या डोक्यावरचे ओझे एका इंचानेही कमी करत नाही. खालच्या खडकावर तर आणखी ओझे टाकतो. गोधड्यांची चळत जिन्यावरून वर नेली म्हणून तळची गोधडी उघडी पडत नाही. ती उघडी पडायला वरच्या गोधड्या काढाव्या लागतात. त्या दोन रीतींनी निघतात: पाऊस-हिमनद्यांनी झिजून, किंवा नॉर्मल फॉल्टवरून, म्हणजे ताणाने पडलेल्या भेगेवरून, वरचा थर खाली घसरून. दुसऱ्या रीतीचा लेखात उल्लेखच नाही.

हिमालयाच्या माथ्यालगत असा एक फॉल्ट शेकडो किलोमीटर लांब पसरलेला आहे: दक्षिण तिबेट डिटॅचमेंट. १९८० च्या दशकात तो ओळखला गेला. दोन भूखंड एकमेकांना दाबत असताना मधल्या भागात ताण पडून थर उत्तरेकडे घसरतो, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हते. एव्हरेस्टवर तो डोळ्यांना दिसतो. शिखराचा चुनखडक ऑर्डोव्हिशियन काळातला, त्यात समुद्री जीवांचे अवशेष अजून ओळखू येतात, म्हणजे तो फारसा भाजलेला नाही. त्याच्या खाली पिवळा पट्टा संगमरवराचा, आणि आणखी खाली शिस्ट (पापुद्र्यांचा भाजलेला खडक), नाइस आणि वितळून थिजलेला पांढरा ग्रॅनाइट. थंड आणि भाजलेले यांच्यामध्ये जे किलोमीटरच्या किलोमीटर थर असायला हवे होते ते गायब आहेत. ते झिजले असते तर वरचा चुनखडक आधी गेला असता. तो जागेवर आहे, म्हणजे मधले थर फॉल्टने काढून नेले. झंस्कारमध्येही याच फॉल्टने असेच मधले थर गायब केले आहेत.

झिजेचे काम जोरात चाललेले पाहायचे तर नंगा पर्बतकडे जावे लागेल. शिखर ८,१२६ मीटर, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर सिंधू नदी सुमारे १,२०० मीटरवर. इथे ग्रॅनाइटचे वय काही ठिकाणी ३० लाख वर्षांच्या आत आहे. इतका तरुण ग्रॅनाइट पृष्ठभागावर दिसतो याचा अर्थ त्यावरचा थर वर्षाला अनेक मिलिमीटर वेगाने हटला. नदी ओझे काढते, खालचा गरम, मऊ खडक त्या जागी वर सरकतो, वर सरकताना उष्णता घेऊन येतो, त्यामुळे आणखी मऊ होतो. ही साखळी नदीच्या जोरावर चालते. झिजेबद्दल एक गैरसमजही जाता जाता दूर करावा: १ किलोमीटर थर झिजला म्हणजे डोंगर १ किलोमीटरने बुटका होतो असे नाही. हलके झालेले कवच खालून तरंगून वर येते. २.७ आणि ३.३ या घनतांचे गुणोत्तर लावले तर ८२० मीटर भरून निघतात, सरासरी उंची १८० मीटरनेच उतरते.

वेग मोजतानाही लोक फसतात. खडकाचे वय त्यातल्या खनिजांतल्या किरणोत्सारी घड्याळांवरून काढतात. झिर्कॉन या खनिजाचे घड्याळ वितळणबिंदूच्या जवळच्या तापमानालाही टिकते, अभ्रकाचे ३०० ते ४०० अंशांवर सुरू होते, ॲपॅटाइटमधल्या विदलन-रेषांचे (युरेनियमचे अणू फुटून उठलेल्या ओरखड्यांचे) ११० अंशांवर. म्हणजे ही घड्याळे खडक कधी थंड झाला ते सांगतात. खोली आपण गृहीत धरतो. पृष्ठभाग १० अंश आणि दर किलोमीटरला ३० अंश धरले तर ११० अंश ३.३ किलोमीटरवर येतात. ॲपॅटाइटचे वय १० लाख वर्षे आले की वेग निघतो वर्षाला ३.३ मिलिमीटर. पण खडक घाईने वर येत असेल तर उष्णताही बरोबर येते. दर किलोमीटरला ६० अंश झाले की तेच ११० अंश १.७ किलोमीटरवर, आणि वेग निम्मा. हा हिशेब न करता छापलेले वेग मुळात दुप्पट असू शकतात. त्सो मोरिरीचे खोलातले वय कुठे ५.३ कोटी तर कुठे ४.७ कोटी वर्षे वाचायला मिळते, त्याचे एक कारण असे, की झिर्कॉनचे थर कांद्यासारखे आणि फार पातळ असतात. मोजणीचा झोत दोन थरांवर एकदम पडला तर येणारे वय कोणत्याच घटनेचे नसते. ज्या थरात कोसाइट किंवा एक्लोजाइटचीच खनिजे अडकलेली आहेत, त्याचेच वय खोलीचे वय म्हणून धरावे.

दाब म्हणजे खोलीच कशावरून, अशी शंकाही काही अभ्यासक घेतात: रेट्यामुळे कमी खोलीवरही दाब वाढू शकतो. एखाद्या कठीण गोळ्यापुरते ते शक्य आहे. पण त्सो मोरिरीच्या नाइसचा घुमटाकार पट्टा सुमारे १०० किलोमीटर लांब आहे आणि नाइस त्या तापमानाला मऊ असतो. इतक्या विस्तारात हजारो वातावरणांचा जादा दाब तो धरून ठेवेल असे आम्हाला वाटत नाही.

महाराष्ट्रात खोलातला खडक नाही असे नाही. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइटचे साठे आहेत. कायनाइटची निळसर पाती हातात घेऊन लांबीच्या दिशेने पेनच्या चाकूने ओढा, ओरखडा उठतो. आडवा ओढा, उठत नाही. ५०० अंशांच्या वर हे खनिज टिकायला निदान १४ किलोमीटर खोली लागते. भट्टीच्या विटांसाठी ते वापरतात, पण आधी भाजून घेऊन. कच्चेच घातले तर भट्टीत फुगते आणि वीट तडकते. दाबाखाली दाट झालेले खनिज कमी दाबात तापले की फुगते, गार्नेटमधल्या कोसाइटसारखेच. तिथला डोंगर हिमालयाहून कितीतरी जुना आणि केव्हाच झिजून सपाट झालेला. वर्षाला दहावा हिस्सा मिलिमीटर झीज धरली तरी १४ किलोमीटर थर हटायला १४ कोटी वर्षे, आणि वेळ त्याच्या अनेक पट होता. आपल्या लेखातली आकृती भंडाऱ्याच्या मथळ्याखाली छापली असती तर आमची तक्रार नव्हती.

लडाखसाठी ती पुन्हा छापणार असाल तर एका बाणाऐवजी तीन लागतील. पहिला ९० पासून ३५ किलोमीटरपर्यंत, तिरपा, खडक ज्या वाटेने खाली गेला तिलाच समांतर. त्याच्याजवळ नाइस, एक्लोजाइट आणि प्रावरणाच्या घनता लिहाव्यात. दुसरा ३५ च्या वर, आणि त्याच्या माथ्यावर उत्तरेकडे घसरणारा थर. तिसरा लहान, खाली तोंड केलेला, नदीच्या पात्रात, झिजेचा. आणि प्रत्येकाजवळ वर्षाला किती मिलिमीटर ते.

आपले,
भूशास्त्राचे काही अध्यापक